श्रवणचाचणी, खडकी बाजार

जिन्याची आठवी पायरी अजून तिरपीच.
ॲम्प्लिफायर चढवताना अरुळराज इथंच घसरायचा,
दोन भाषांत शिव्या द्यायचा,
तिसरी राखून ठेवायचा माइकपुढं.

वर आता पांढरी काच. कानाची यंत्रं, सुलभ हप्त्यानं.
माझा नंबर अकरावा.
खाली गिरणी होती, तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.
पण चौकटीवर, रंगाच्या तिसऱ्या थराखाली,
‘गज’ अजून वाचता येतं. ‘लक्ष्मी’ बुजली.

गजलक्ष्मी ऑइल डेपो.
सदानंद इनामकेनं जागा घेतली तेव्हा पाटी बदलायला पैसे नव्हते.
पैसे आले तोवर सवय झाली होती.
म्हणून खडकीतला सगळा रॉक
गोडेतेलाच्या नावावर जमा आहे.

माणूस मूळचा रेडिओ दुरुस्तीतला.
चार ट्रॅकचं मशीन जुन्या बाजारातून उचललेलं,
त्यातला तिसरा कायम आजारी.
‘तिसऱ्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका,’ म्हणायचा.
म्हणून तिसऱ्यावर ड्रम. म्हणजे मी.

भिंतींना इराण्याकडचे अंड्यांचे ट्रे, त्यावर गोणपाट,
दाराला त्याच्या बायकोची रुखवतातली गादी.
त्यावरून घरी काय झालं
ते कुठल्याच ट्रॅकवर नाही.

त्याच्या हातची एक पाटी होती:
‘खोकला असणाऱ्यांनी आधी खोकून घ्यावे.
ड्रमवाल्यांनी शेजाऱ्यांचा विचार करावा, मग वाजवावे.’

गिरणी नवाला थांबायची. मग आम्ही.
दिवसभर दारूगोळा भरून
सायमन पाठारेची बोटं पिवळी,
साबणानं जात नसत, बेसच्या तारांना लागत.
बँडचं नाव त्यावरूनच पडलं. गंधक.
गिटार सागवानी दाराची,
आतलं तांबं सदानंदनं हातानं गुंडाळलेलं,
साडेसहा हजार वेढे. मध्येच कुणी हाक मारली
तर पहिल्यापासून.

आणि शमा बिजापुरे.
राखण म्हणून धाकटा भाऊ सोबत यायचा,
ट्रेला डोकं टेकून झोपायचा.
दुसऱ्या गाण्यात त्याचं घोरणं आहे. नीट ऐकलंत तर.

पावणेदोनला दापोडीच्या पुलावरून मालगाडी.
आधी काचेचा ग्लास बोलायचा, मग फरशी.
सदानंद हात वर करायचा: ‘जाऊ द्या तिला.’
आम्ही थांबायचो. छप्पन्न डबे, कधी साठ.
एकदाच त्यानं हात वर केला नाही.
शमा डोळे मिटून शेवटच्या कडव्यात होती
आणि गाडी आली, तशीच आली, गाण्यातून गेली.
मी तिच्या चाकांवर काठ्या टाकत राहिलो,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दोनशे कॅसेटी काढल्या. एकसष्ट खपल्या.
उरलेल्या सायमनच्या घरी, पलंगाखाली,
मग एका पावसाळ्यात मुळेच्या पाण्यात.
मशीन पुतण्यानं किलोवर घातलं.
परवा नातवानं फोनवर कुणा पोरांचा कार्यक्रम दाखवला,
मागं तीच चाकं. विचारलं, हे कुठलं रे?
म्हणाला, असंच वाजवतात, आजोबा. सगळेच.

‘मोठ्या आवाजात कधी काम केलंय?’ मुलगी विचारते.
‘केलंय.’
‘कुठं?’
मी बोट खाली करतो, फरशीकडं.
ती लिहिते: कारखाना.

दार जड आहे. तेच आहे.
पांढऱ्या पत्र्यावर मी बोटाचं पेर आपटून पाहतो:
मागं पुठ्ठा. खळगे. ट्रे कुणी काढलेच नाहीत.
ती कानांवर हेडफोन बसवते,
हातात बटण देते, आवाज आला की दाबा,
आणि काचेपलीकडं जाऊन बसते.

अंधार नाही, पण शांतता तीच,
गादीमागची, खोकून झाल्यानंतरची.

मी दाबतो.

काचेतून ती हात वर करते,
ओठ हलतात: अजून सुरू नाही केलं.
मी दाबूनच धरतो,
गार्डाचा डबा पुलावरून उतरेपर्यंत.